वाटणी झाली, विहीर सामाईक



दोन भावांची वाटणी होते तेव्हा काय काय होते, हे तुम्हांला मी सांगायला नको. घराच्या मधोमध भिंत उभी राहते, जनावरे वाटली जातात, शेतात नवा बांध पडतो, भांडीकुंडीसुद्धा मोजून घेतली जातात. पण एक वस्तू मात्र कुणालाच वाटून घेता येत नाही. ती म्हणजे विहीर. तिचे दोन तुकडे केले तर पाणी दोघांनाही मिळायचे नाही. म्हणून मग विहिरीत आठ आणे हिस्सा याचा आणि आठ आणे त्याचा अशी नोंद होते. पाण्याच्या पाळ्या ठरतात. इतके दिवस याने मोटर चालवायची, इतके दिवस त्याने. पुढे भाऊ-भाऊ एकमेकांशी बोलेनासे होतात, लग्नाकार्याला जात नाहीत, पण पाळी सहसा मोडत नाहीत. कारण पाळी मोडली तर ऊस दोघांचाही वाळतो.

आज मला ज्या विषयावर बोलायचे आहे तो ऐकायला फार मोठा वाटेल. शेजारी देशांनी एकत्र येऊन आर्थिक आणि राजकीय संघ करावा, ही कल्पना कितपत खरी होण्याजोगी आहे, तिचे भवितव्य काय, असा तो विषय. दिल्ली, ढाका, ब्रसेल्स अशी नावे त्यात येणार. पण तुम्ही ती विहीर डोळ्यांपुढे ठेवा, म्हणजे विषय आपल्या आवाक्यात येईल.

मी गडमुडशिंगीचा. करवीर तालुक्यातले हे गाव, कोल्हापूरच्या पूर्वेला. आमच्या शिवेला लागून गांधीनगर आहे. कापडाची घाऊक खरेदी करायला सांगली, बेळगाव, कोकण इथून व्यापारी तिथे येतात, म्हणून ते नाव तुमच्यापैकी पुष्कळांना माहीत असेल. पण गांधीनगर होण्यापूर्वी त्या जागी काय होते? तिथे वळिवड्याची छावणी होती. दुसऱ्या महायुद्धात रशियाने पूर्व पोलंडमधून लाखो माणसे उचलून सायबेरियाकडे धाडली. त्यांतून सुटलेली काही कुटुंबे इराणमार्गे हिंदुस्थानात आली आणि १९४३ पासून त्यांपैकी सुमारे पाच हजार माणसे वळिवड्याला राहिली. त्यांत बहुतेक बायका आणि मुले. रेल्वे लाईनीजवळ बराकींच्या रांगा, त्यातच त्यांच्या शाळा, त्यांचे चर्च, त्यांचे नाटकघर. माझी आज्जी सांगायची, की त्या गोऱ्या बायका बाजाराला येत, अंडी आणि भाजी घेत, आणि मराठी आकडे आमच्या माणसांपेक्षाही ठासून म्हणत.

१९४८ पर्यंत ती माणसे निघून गेली. बराकी रिकाम्या झाल्या, पण फार दिवस रिकाम्या राहिल्या नाहीत. फाळणी झाली होती. सिंध सोडून आलेली कुटुंबे त्याच बराकींत येऊन उतरली. त्याच भिंती, तेच छप्पर, तेच रेल्वेस्टेशन. फक्त भाषा बदलली आणि दुःखाचे कारण बदलले. या सिंधी मंडळींनी पुढे कष्टाने मोठी बाजारपेठ उभी केली, तेच आजचे गांधीनगर.

आता जरा विचार करा. एकाच छपराखाली पाठोपाठ दोन निर्वासित येऊन राहिले. पहिला आला युरोपातून. ते खंड तेव्हा स्वतःला जाळून घेत होते, आणि पुढच्या पन्नास-साठ वर्षांत ते एक झाले. दुसरा आला आपल्याच उपखंडातून. हा उपखंड तेव्हा तुटला आणि अजून जुळलेला नाही. असे का झाले असावे?

हा प्रश्न मी वर्गात नेहमी विचारीत असे. उत्तरही माझ्याजवळ तयार असे : युरोपीय लोक शहाणे झाले, आपणही व्हावे. एकदा असेच सांगत असताना मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. म्हणाली, "सर, माझा मामा सीमेवर होता. तो पेटीतनं घरी आला. ज्यांनी त्याला मारलं, त्यांच्याशी आम्ही भागीदारी करायची, असं तुमचं म्हणणं आहे का?"

वर्ग चिडीचूप झाला. आपल्या जिल्ह्यात सैन्यात माणूस नाही असे गाव शोधून सापडायचे नाही. मी घड्याळाकडे पाहिले आणि "यावर पुढच्या तासाला बोलू" असे म्हणून वेळ मारून नेली. पुढच्या तासालाही बोललो नाही. आज जे बोलणार आहे ते त्या मुलीला द्यायचे राहिलेले उत्तर आहे.

प्रथम युरोपची गोष्ट नीट पाहू. फ्रान्स आणि जर्मनी हे असेच एका बांधाचे शेजारी. १८७०, १९१४ आणि १९३९ अशी सत्तर वर्षांत तीन युद्धे त्यांच्यात झाली. त्या भांडणांत लोखंड आणि कोळसा यांचाही वाटा होता. लॉरेनमध्ये लोखंडाच्या खाणी, रुहरमध्ये कोळशाच्या. एकाशिवाय दुसरे निरुपयोगी, आणि दोन्ही मिळाले की तोफा तयार. ९ मे १९५० रोजी फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री रोबेर शूमान यांनी जाहीर केले, की दोन्ही देशांचा कोळसा आणि पोलाद एका सामाईक मंडळाच्या ताब्यात द्यावे, आणि इतर देशांनाही त्यात येण्याची मुभा असावी. युद्ध संपून तेव्हा जेमतेम पाच वर्षे झाली होती. म्हणजे ज्यांच्या घरातली माणसे गेली होती त्यांचे सुतक अजून मनातून फिटले नव्हते.

शूमान कोण होते? जन्म लक्झेंबर्गचा, नागरिकत्व जन्माने जर्मन, पुढे लॉरेन फ्रान्सकडे परत आल्यावर फ्रेंच. जर्मनीचे प्रमुख आडेनाउअर हे ऱ्हाईन नदीकाठच्या कोलोनचे. इटलीचे पंतप्रधान दे गास्पेरी यांचा मुलूख पहिल्या महायुद्धापर्यंत ऑस्ट्रियाकडे होता, ते तर ऑस्ट्रियाच्या पार्लमेंटात बसलेले. तिघेही सीमाभागातले! राजधानीतल्या माणसाला सीमा ही नकाशावरची रेघ वाटते. सीमेवरच्या माणसाला ती आपल्या अंगणातून गेलेली दिसते. कागल, निपाणी, बेळगावकडच्या श्रोत्यांना हे अधिक समजावून सांगायची गरज नाही.

१९५१ साली पॅरिसला सहा देशांचा करार झाला : फ्रान्स, पश्चिम जर्मनी, इटली, बेल्जियम, नेदरलंड्स आणि लक्झेंबर्ग. १९५७ साली रोमच्या कराराने सामाईक बाजारपेठ ठरली. १ जुलै १९६८ पर्यंत आपसातली जकात गेली. १९९३ पासून युरोपीय संघ हे नाव आले, २००२ मध्ये युरोच्या नोटा लोकांच्या हाती पडल्या. १ मे २००४ रोजी पोलंडही त्या संघात गेला. पाहा, विहिरीच्या पाळीपासून सुरुवात झाली, मग बांधावरची वाट मोकळी झाली, आणि पैशाची पेटी एक झाली ती अगदी शेवटी. निशाण आणि गाणे यांच्यापासून त्यांनी सुरुवात केली नाही.

आता आपल्याकडे या. १९४७ पूर्वी ताग पिकत असे पूर्व बंगालात आणि तागाच्या गिरण्या होत्या कलकत्त्याजवळ हुगळीच्या काठी. फाळणीने शेत एका देशात गेले आणि गिरणी दुसऱ्या देशात. अगदी लॉरेनचे लोखंड आणि रुहरचा कोळसा! प्रारंभी व्यवहार चालूही राहिला. पाकिस्तानच्या निर्यातीचा निम्म्याहून अधिक भाग तेव्हा भारतातच येत असे. पण सप्टेंबर १९४९ मध्ये भारताने रुपयाचे अवमूल्यन केले, पाकिस्तानने केले नाही, आणि दरावरून दोन्ही देशांचा व्यापार बंद पडला. पाकिस्तानने आपल्या गिरण्या काढल्या, आपण आपल्याकडे तागाची लागवड वाढवली. दोघांनी दोन नव्या विहिरी खणल्या म्हणा ना. खर्च दोघांचाही दुप्पट झाला. तिकडे शूमान सामाईक मंडळाची योजना जाहीर करीत होते, आणि इकडे तेव्हाच हा सांधा निखळला होता.

तरी आपल्याकडे एक विहीर खरोखरच सामाईक राहिली. १९ सप्टेंबर १९६० रोजी कराचीला पंडित नेहरू आणि अयूबखान यांनी सिंधू खोऱ्याच्या पाणीवाटपाचा करार केला. रावी, बियास, सतलज या पूर्वेकडच्या नद्या भारताकडे, आणि सिंधू, झेलम, चिनाब यांचे बहुतांश पाणी पाकिस्तानकडे. १९६५ चे युद्ध झाले, १९७१ चे झाले, १९९९ साली कारगिल झाले, पण पाळी मोडली नाही. ती थांबली एप्रिल २०२५ मध्ये. २२ तारखेला पहलगामला २६ माणसे मारली गेली, आणि भारताने तो करार स्थगित ठेवल्याचे जाहीर केले. पासष्ट वर्षे टिकलेली व्यवस्था थांबावी, ही साधी गोष्ट नव्हे. त्या मुलीचा प्रश्न इथे पुन्हा समोर येतो. त्याकडे मी येणारच आहे. त्याआधी आपल्या घरातला एक अनुभव सांगतो.

संघ करण्याचा एक प्रयोग आपल्या याच मुलखात झालेला आहे. आज पुष्कळांना तो आठवत नाही. स्वातंत्र्याच्या वेळी दक्षिण महाराष्ट्राचा नकाशा म्हणजे ठिगळांची वाकळ होती. कोल्हापूर, सांगली, मिरज, कुरुंदवाड, जत, औंध, भोर, फलटण, सावंतवाडी, जमखंडी, मुधोळ, रामदुर्ग, आणि मधे मधे इंग्रजी अमलाचे तालुके. एका संस्थानातून निघालेली बैलगाडी संध्याकाळपर्यंत तिसऱ्याच संस्थानात पोचत असे. १९४६-४७ च्या सुमारास औंध, भोर, फलटण, सांगली, मिरज, रामदुर्ग वगैरे काही संस्थानांच्या अधिपतींनी आपला एक संयुक्त संघ करण्याचे ठरवले. महात्मा गांधींशीही विचारविनिमय झाला. करारनामा झाला. कोल्हापूर मात्र त्यात आले नाही. हा संघ का टिकला नाही? प्रजेला तो अपुरा वाटला. वेगवेगळ्या गाद्या एकत्र बांधण्यापेक्षा सरळ मोठ्या प्रांतात जावे, असे लोक म्हणू लागले. जमखंडीच्या अधिपतींनी स्वतःच विलीनीकरणाला पुढाकार घेतला. ८ मार्च १९४८ रोजी दक्षिणी संस्थाने मुंबई प्रांतात विलीन झाली आणि १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूरही झाले.

एका बाजूला औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींसारखा राजा होता, ज्याने १९३९ सालीच गावाच्या हाती कारभार देणारी घटना केली. दुसऱ्या बाजूला भाई माधवराव बागल, रत्नाप्पाण्णा कुंभार यांची प्रजा परिषद होती. संघ करायचा तर तो या लोकांच्या जोरावर करायला हवा होता. गाव करी ते राव न करी, ही म्हण आपल्या वाडवडिलांनी उगीच केलेली नाही. शेजारी देशांचा संघही फक्त राजधान्यांतल्या शिखर-बैठकांतून व्हायचा नाही, हा पहिला धडा.

दुसरा धडा सबुरीचा. आपण एक देश झालो, एक घटना झाली, तरी कागल-कोगनोळीच्या हद्दीवर मालमोटारींच्या रांगा लागतच राहिल्या. प्रत्येक राज्याचा कर वेगळा, कागदपत्रे वेगळी. सर्व देशाला एकच वस्तू व सेवा कर लागू झाला तो १ जुलै २०१७ रोजी. स्वातंत्र्यानंतर सत्तर वर्षांनी! एका घरातल्या भावांना सामाईक हिशेबाची वही घालायला सत्तर वर्षे लागली, तर सात-आठ शेजारी देशांना वेळ लागणारच.

दक्षिण आशियातल्या देशांनी प्रयत्न केला नाही असे नाही. ८ डिसेंबर १९८५ रोजी ढाक्याला सार्क ही संघटना स्थापन झाली. भारत, पाकिस्तान, बांगलादेश, श्रीलंका, नेपाळ, भूतान, मालदीव असे सात देश. अफगाणिस्तान २००७ मध्ये आठवा झाला. कचेरी काठमांडूला. २००६ पासून मुक्त व्यापाराचा करारही अमलात आला. पण प्रत्येकाने आपापला महत्त्वाचा माल "हा सोडून" म्हणून यादीत घातला. म्हणजे सामाईक विहिरीचा करार केला आणि मोटर लावायची नाही अशी अट घातली. शेवटची शिखर-बैठक २०१४ साली काठमांडूला झाली. २०१६ ची इस्लामाबादची बैठक उरीच्या हल्ल्यानंतर झालीच नाही. या देशांच्या एकूण व्यापारातला आपसातला वाटा वर्षानुवर्षे पाच टक्क्यांच्या आसपासच राहिला. युरोपीय संघात तो निम्म्याहून बराच अधिक आहे.

कुणी शेतकरी श्रोता म्हणेल, "व्यापार वाढला तर आमच्या मालाचा भाव पडेल, त्याचं काय?" शंका रास्त आहे. युरोपातल्या शेतकऱ्यांनीही हेच विचारले होते. म्हणून तर त्यांनी १९६२ पासून सामाईक शेती-धोरण आखले, शेतमालाला आधारभाव दिला, आणि कित्येक वर्षे संघाच्या तिजोरीतला सर्वांत मोठा खर्च शेतीवरच झाला. तेही निर्दोष नव्हते. दूध आणि लोणी इतके झाले, की १९८४ साली प्रत्येक देशाच्या दुधावर मर्यादा घालावी लागली आणि ती २०१५ पर्यंत राहिली. पण शेतकऱ्याला वाऱ्यावर सोडून संघ होत नाही, एवढे त्यांना कळले होते.

उलट शेजाऱ्याशी नीट करार नसला तर शेतकऱ्याचे काय होते, ते आपण कांद्यात पाहिले. सप्टेंबर २०१९ मध्ये कांद्याची निर्यात एकाएकी बंद झाली. २०२० मध्ये पुन्हा झाली, डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा. इकडे नाशिककडच्या शेतकऱ्याचा भाव कोसळला आणि तिकडे ढाक्यात कांदा परवडेनासा झाला. ऑक्टोबर २०१९ मध्ये बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीला आल्या असताना हसत हसत म्हणाल्या, की मी स्वयंपाक्याला कांदा घालू नकोस असे सांगितले आहे, आणि आधी कळवले असते तर आम्ही दुसरीकडे सोय केली असती. हसण्यावारी नेलेले हे बोलणे फार महत्त्वाचे आहे. पाळी बदलायची तर शेजाऱ्याला आधी सांगायचे, हा साधा शेजारधर्म. तो पाळला नाही म्हणून त्यांनी इजिप्त आणि तुर्कस्तानकडे पाहिले, आणि गेलेले गिऱ्हाईक लवकर परत येत नाही, हे गांधीनगरचा कोणताही दुकानदार तुम्हांला सांगेल.

आणखी एक अडचण आहे ती मोठेपणाची. या सगळ्या देशांत भारत एकटाच इतका मोठा, की लोकसंख्या आणि संपत्ती यांचा सुमारे तीन चतुर्थांश भाग आपलाच. ज्याच्या शेजारी पाटलाची शंभर एकर जमीन आहे अशा दोन एकरवाल्याच्या मनात काय येते? पाटील कितीही भला असला तरी हा बांधावर डोळा ठेवूनच राहतो. इंद्रकुमार गुजराल परराष्ट्रमंत्री असताना १९९६ साली त्यांनी म्हटले होते, की लहान शेजाऱ्यांकडून प्रत्येक वेळी परतफेडीची अपेक्षा भारताने करू नये. त्याच वर्षी डिसेंबरात बांगलादेशाशी गंगेच्या पाण्याचा तीस वर्षांच्या मुदतीचा करार झाला. मोठ्याने आधी हात सैल सोडायचा असतो.

युरोपात यासाठी त्यांनी हिशेबाची एक युक्ती केली आहे. माल्टा हा देश लोकसंख्येने साधारण आपल्या कोल्हापूर शहराएवढा. जर्मनी सव्वाआठ कोटींच्या पुढे. युरोपच्या पार्लमेंटात जर्मनीचे ९६ सभासद आणि माल्टाचे सहा. म्हणजे डोई मोजून पाहिले तर माल्टाच्या माणसाचे वजन जर्मन माणसाच्या सुमारे नऊपट. हे आपल्या लोकांना नवे वाटू नये. गावातल्या दूधसंस्थेत चार लिटर घालणारा आणि चाळीस लिटर घालणारा यांना मत एकेकच असते, आणि अशाच संस्था जोडून १९६३ साली आपला गोकुळ दूध संघ उभा राहिला. सहकाराचे हे गणित आपल्याला दिल्लीवाल्यांपेक्षा अधिक कळते, असे मी म्हटले तर ती बढाई समजू नका.

युरोपचे सगळेच गोड आहे असेही मी सांगणार नाही. जून २०१६ मध्ये ब्रिटनच्या जनतेने बाहेर पडण्याचा कौल दिला आणि ३१ जानेवारी २०२० रोजी तो देश संघाबाहेर पडला. कारभार फार दूर गेला, आपले कुणी ऐकत नाही, अशी भावना तिथे वाढली होती. संघ म्हणजे काही लग्नगाठ नव्हे, की एकदा बांधली आणि सुटका नाही. रोजच्या रोज पटत राहावे लागते. आणि सीमा काही पुसल्या गेलेल्या नाहीत. वळिवड्याला राहिलेल्या पोलिश बायकांची गावे युद्धानंतर रशियाच्या ताब्यात गेली. आज ती युक्रेन, बेलारूस, लिथुएनिया या देशांत आहेत. त्यांतल्या पुष्कळजणी परत आपल्या गावी गेल्याच नाहीत. कुणी इंग्लंडला, कुणी अमेरिकेला, कुणी ऑस्ट्रेलियाला गेली. पोलंडने ती गावे परत मागितली नाहीत. १९९० साली जर्मनीनेही पोलंडशी असलेली नवी सीमा करार करून कायमची मान्य केली. रेघ आहे तिथेच राहिली, फक्त तिची धार बोथट केली. इटली आणि ऑस्ट्रियाच्या मधल्या ब्रेनर खिंडीजवळ जर्मन बोलणारा मुलूख इटलीत राहिला, त्यावरून अनेक वर्षे तंटा होता. १९९८ पासून त्या खिंडीतली तपासणी बंद झाली. आता माणूस सकाळी भावाकडे जातो आणि संध्याकाळी घरी येतो. आपल्या सीमाप्रश्नाचा निकाल काय लागावा हा वेगळा विषय, पण निकाल लागेपर्यंत माणसांना माणसांशी जोडून ठेवता येते, हे मात्र त्यातून दिसते.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येतो.

"मामाला ज्यांनी मारलं त्यांच्याशी भागीदारी करायची का?" माझे उत्तर आहे : आज नाही, आणि तशी नाही. मी वर्गात सांगत होतो ती युरोपची कथा अर्धी होती. जर्मनीशी भागीदारी झाली ती जर्मनी हरल्यावर, तिथली राजवट मुळासकट गेल्यावर, न्यूरेंबर्गला १९४५-४६ साली अपराध्यांचा न्याय झाल्यावर. आधी चोरीचा निवाडा, मग शेजारधर्म. जो हात घरात शिरून माणूस मारतो तो हात आवरला जात नाही तोवर त्या घराशी सामाईक तिजोरी होऊ शकत नाही. हे त्या दिवशी मी तिला सांगायला हवे होते. तिचा राग अडाणी नव्हता. माझे व्याख्यान अपुरे होते.

पण उत्तराचा दुसरा भागही आहे. एका भावाशी बोलणे बंद आहे म्हणून बाकीच्या भावांशी वाट का अडवायची? आणि इथे थोडी आशेला जागा आहे. भारत आणि बांगलादेश यांच्या हद्दीत एकमेकांचे १६२ भूभाग बेटांसारखे अडकून पडले होते, आपले १११ तिकडे आणि त्यांचे ५१ इकडे. तिथल्या माणसाला शाळा, दवाखाना, रेशन, कशाचाच पत्ता नव्हता. १९७४ चा करार अमलात यायला एक्केचाळीस वर्षे गेली, पण ३१ जुलै २०१५ च्या मध्यरात्री ते भूभाग अदलाबदल झाले. बांध सरळ झाला, आणि गोळी न झाडता झाला. पुढे २०२४ च्या ऑगस्टात बांगलादेशात राज्यपालट झाला आणि संबंध पुन्हा ताणले गेले. तरी त्याच वर्षी ऑक्टोबरात नेपाळ, भारत आणि बांगलादेश यांचा विजेचा करार झाला, आणि नोव्हेंबरात नेपाळची वीज आपल्या तारांवरून बांगलादेशात पोचली. चाळीस मेगावॉट म्हणजे फार नाही. पण पॅरिसला १९५१ साली तरी काय होते? कोळसा आणि पोलाद!

पाण्याचेही तेच. पंचगंगेचे पाणी नरसोबाच्या वाडीला कृष्णेला मिळते आणि पुढे कर्नाटकात अलमट्टीला जाते. २००५, २०१९ आणि २०२१ चे महापूर आपण भोगले. पूर चढू लागला की शिरोळचा शेतकरी पहिल्यांदा विचारतो, अलमट्टीतून पाणी किती सोडलं? एका देशातल्या दोन राज्यांना रोजच्या रोज आकडे कळवावे लागतात. मग नेपाळ आणि बिहारचे काय? ऑगस्ट २००८ मध्ये नेपाळात कुसहाजवळ कोसी नदीचा बांध फुटला आणि बिहारमधली लाखो माणसे उघड्यावर आली. नदीला पारपत्र लागत नाही. तिच्यावरचा कारभार सामाईक असेल तरच काठची माणसे सुखाने झोपतील. युरोपातही ऱ्हाईन नदीवरच्या वाहतुकीचे सामाईक मंडळ १८१५ साली झाले, म्हणजे युरोपीय संघाच्या कितीतरी आधी.

तेव्हा या संघाचे भवितव्य काय, असे मला कुणी विचारले तर मी म्हणेन : दक्षिण आशियाचे एक पार्लमेंट, एक नाणे, हे माझ्या हयातीत मला दिसत नाही. पण वीज, पाणी, पुराची सूचना, धान्य-कांद्याचे आधी कळवून केलेले करार, रेल्वे, आजाऱ्याला औषध आणि विद्यार्थ्याला शिक्षण, यांचे एकेक सामाईक मंडळ होत जाईल. जे तयार असतील त्यांच्याशी आधी, बाकीच्यांसाठी दार उघडे ठेवून. अशी पंधरा-वीस मंडळे चाळीस वर्षे नीट चालली, की मग त्याला काय नाव द्यायचे ते आपली नातवंडे ठरवतील.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक विनंती. नकाशा शिकवताना देशांच्या सीमा ठळक काढून घ्या, त्या काढायलाच हव्यात. पण त्यावर नद्याही काढून घ्या. मुलांना विचारा, हे पाणी कुठून येते आणि कुठे जाते? आणि जमले तर एकदा वळिवड्याला सहल आणा. युद्धाच्या काळात राहून गेलेल्यांपैकी काही वृद्ध माणसे २०१९ साली पुन्हा कोल्हापूरला येऊन गेली. ऐंशी वर्षांची माणसे लहान मुलांसारखी आपली बराक शोधत होती. आणि २०२२ मध्ये युक्रेनवर युद्ध आले तेव्हा लाखो निर्वासितांना ज्या देशाने दारे उघडली तो पोलंडच होता. आसरा घेतलेल्यांनी पुढे आसरा दिला.

गांधीनगरात माझ्या ओळखीचे एक वृद्ध दुकानदार आहेत. त्यांचे वडील सिंधमधून आले तेव्हा घराची किल्ली बरोबर घेऊन आले होते. ती किल्ली अजून गल्ल्यात आहे. मी एकदा विचारले, "परत जायची इच्छा आहे का?" ते म्हणाले, "राहायला नको सर. हे आता माझं गाव. नुसतं एकदा बघून यायचं होतं."

नुसते एकदा बघून यायचे! संघ म्हणजे काय, हे मला त्या एका वाक्यात कळले. तो घर परत मागत नाही, त्याला फक्त बांधावरून वाट हवी आहे. ती मुलगी न्याय मागते, हा वाट मागतो. या दोघांनाही जे तोंड देऊ शकेल तेच आपले खरे परराष्ट्र-धोरण.

वाटणी झाली आहे, ती मोडायची नाही. पण विहीर सामाईक आहे, आणि तिची पाळी कधीतरी पुन्हा बसवावीच लागेल.